भेवकाकूंनी ठोठावलेलं दार

भेवकाकू प्रेशर कुकरला भीत असत. वर्ध्यातल्या आमच्या नालवाडीच्या गल्लीत तेव्हा कुकर नवलाचाच होता आणि काकांनी तो मोठ्या हौसेनं आणला होता. काकू त्यात वरण-भाताचे डबे ठेवायच्या, झाकण लावायच्या, स्टोव्ह पेटवायच्या आणि तडक अंगणात येऊन कडुनिंबाखाली उभ्या राहायच्या. तिसरी शिट्टी झाली की मला हाक यायची, "शोभे, जाय वो माय, तेवढा स्टो बंद कर." मी तेव्हा आठवीत होते. मी स्टोव्ह बंद करून बाहेर येईपर्यंत त्या पदराचं टोक दातांत धरून उभ्या. "फुटला नाई नं?" असं विचारायच्या. "फुटला असता तर मी चालत आले असते का काकू?" असं मी म्हटलं, की स्वतःच खळखळून हसायच्या.

पाल, म्हैस, विजेचं बटण, रेल्वेचं फाटक, खाकी कपड्यातला कोणीही माणूस, मग तो पोस्टमन का असेना, सगळ्यांचीच त्यांना धास्ती. तारवाला दुसऱ्याच्या घरी आला तरी यांचे हात थंड पडायचे. "मले भेव लागते" हे वाक्य दिवसातून इतक्यांदा कानावर यायचं, की गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नावच भेवकाकू पाडलं. त्यांना ते ठाऊक होतं. रागावल्या मात्र कधी नाहीत. "खोटं थोडीच हाये?" म्हणायच्या.

त्यांचं माहेर गिरडचं. वडील शेतकरी, घरात माणसांचा राबता. लग्न होऊन त्या वर्ध्याला आल्या तेव्हा त्यांना एकटीनं रस्ता ओलांडायचीही सवय नव्हती. काका माझ्या बाबांच्याच कचेरीत कारकून होते. अबोल, वेळेवर जाणारे, वेळेवर येणारे. एकुलता मुलगा नागपूरला वसतिगृहात. त्यामुळे बाजाराला जाताना काकूंना सोबत लागायची ती माझी. आई माझ्या धाकट्या भावंडांत अडकलेली असायची, तेव्हा मला काकूंचं घर आयतंच मिळालं होतं. माझ्या वेण्या त्या घालायच्या. तव्यावरून उतरलेल्या भाकरीवर तेल-तिखट घालून माझ्या हातात द्यायच्या आणि मी खात असताना समोर बसून माझ्याकडे बघत राहायच्या. कोणी माझ्याकडे तसं बघत बसलंय, असं नंतर कधी घडलं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला शेवटची एक खोली भाड्यानं दिली जायची. तिच्यापलीकडे पराटीचं, म्हणजे कापसाचं, शेत आणि शेतात विहीर. त्या खोलीत एक कुटुंब राहायला आलं. नवरा कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनात कामाला, त्याची आई, आणि विमल. विमल जेमतेम विशीची असेल. काकूंच्या स्वयंपाकघराची भिंत आणि तिच्या खोलीची भिंत एकच होती. विमलचं माहेर गिरडच्या अलीकडचं एक खेडं, म्हणून ती काकूंना मावशी म्हणायची. कुंपणाशी येऊन आंबाडीची भाजी देऊन जायची. बोलताना डोक्यावरचा पदर सारखा पुढे ओढायची. तो कपाळावरचं काय झाकत होता, ते आम्हाला कळत होतं.

त्या खोलीतला आवाज सगळ्या गल्लीला ऐकू यायचा. संध्याकाळी जिनातून नवरा आला, की थोड्या वेळानं सासूचा आवाज चढायचा, मग त्याचा, मग भांडी पडल्याचा, आणि मग विमलचा. त्याबरोबर गल्लीतले रेडिओ एकेक करून मोठे व्हायचे. आमचाही व्हायचा. बाबा स्वतः उठून बटण फिरवायचे. एकदा आई म्हणाली, "कोणीतरी जाऊन बघायला पाहिजे हो." बाबा म्हणाले, "लोकांच्या घरात आपण कशाला?" तेवढ्यावर विषय मिटला. काकूंकडे रेडिओ होता, पण मधली भिंत एकच असल्यामुळे त्यांना त्याचा उपयोग नव्हता. त्या कानांवर पदर घट्ट ओढून भाजी चिरत बसायच्या.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती. मी आणि काकू मागच्या अंगणात खाटेवर कुरड्या घालत होतो. विमल कुंपणाशी आली. तिच्या पायात चप्पल नव्हती आणि ती रडतही नव्हती. म्हणाली, "मावशी, आजच्या दिवस मले तुमच्याइथं राहू द्या."

काकूंच्या हातातला साचा तसाच राहिला. त्यांनी आधी विमलच्या खोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग काका घरात नव्हते तरी घराकडे. आणि म्हणाल्या, "तुह्या सासूले इचारून ये, बाई."

विमल "हो," म्हणाली आणि गेली. आम्ही उरलेल्या कुरड्या घातल्या. एकही नीट पडली नाही. मी पंधरा वर्षांची होते. मीही काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमल विहिरीत सापडली.

पोलीस आले, पंचनामा झाला. घरोघरी विचारलं गेलं. आमच्या दारात बाबांनी सांगितलं, "काही कल्पना नाही." सासू छाती पिटून सांगत होती, पाणी काढताना पोरीचा पाय घसरला. गल्लीनं तेच उचललं. काकूंच्या दारात शिपाई उभा राहिला तेव्हा मी आत, चुलीपाशी होते. काकूंनी चौकटीचा आधार घेतला आणि म्हणाल्या, "मले काई माईत नाई." शिपायानं लिहून घेतलं आणि तो पुढच्या घरी गेला. दोन महिन्यांत ती मायलेकरं खोली सोडून गेली. खोलीला नवा रंग लागला.

काकू त्यानंतर हसायच्या बंद झाल्या, असं म्हटलं तर खोटं होईल. हसायच्या. पण मधेच थांबून कुंपणाकडे बघायच्या. कुरड्या त्यांनी पुन्हा केल्या नाहीत. एकदा माझी वेणी घालता घालता अचानक म्हणाल्या, "पोरीनं तोंड उघडून मागतलं होतं वो. अन् मी तिच्या सासूले भेली." मी विचारलं, "काकू, तुम्ही ठेवून घेतलं असतं तर?" त्या म्हणाल्या, "एक खाट टाकली असती. अजून काय?" मग त्यांनी माझी अर्धी झालेली वेणी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेतली.

पुढे मी कॉलेजात गेले. गल्लीत एक मास्तर राहायला आले. उंच, गोरे, इस्त्रीचे कपडे. मुलांना फुकट शिकवायचे, गणेशोत्सवात भाषण करायचे. बाबांना त्यांच्याबद्दल फार आदर. त्यांची बायको निर्मला, दोन लहान मुलं. आणि पुन्हा तेच. फरक इतकाच, की मास्तर आधी खिडक्या लावून घ्यायचे.

एका रविवारी दुपारी, जेवणं आटोपून सगळी गल्ली लवंडलेली असताना त्या बंद खिडक्यांतूनही किंकाळी ऐकू आली. पाठोपाठ मुलांचं रडणं. मी खिडकीत आले. समोर काकू अंगणात उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं. "शोभे, चाल माह्या संग."

"काकू, नको. मास्तरांचं घर आहे. बाबा रागावतील."

त्यांनी फार आग्रह केला नाही. पदर खोचला. रस्त्यात आल्या, थांबल्या, परत एक पाऊल मागे आल्या. मला वाटलं, झालं, आता घरात जातील. त्यांचे ओठ हलत होते. मग त्या जवळजवळ पळतच गेल्या आणि मास्तरांच्या दारावर दोन्ही हातांनी थापा मारू लागल्या. गल्लीतल्या एका घरात रेडिओ मोठा झाला. काकू थांबल्या नाहीत. शेवटी दार उघडलं. मास्तर घामाघूम, पण सदऱ्याची बटणं नीट लावलेली.

"काय आहे काकू?"

"निर्मलेले बाहेर पाठवा."

"हा आमच्या घरचा मामला आहे. तुम्ही जा."

"हो, तुमच्या घरचाच हाये," काकू म्हणाल्या. आवाज चिरकला होता. "पण मी इथून हालत नाई." आणि त्या ओट्यावर फतकल मारून बसल्या.

भर उन्हात त्या एकट्या बसलेल्या दिसत होत्या. मास्तर काहीतरी बोलत होते, आधी समजावणीच्या सुरात, मग दरडावून. काकू मान खाली घालून बसलेल्या. मी किती वेळ खिडकीत उभी होते, मला सांगता येत नाही. नंतर कधीतरी मी चपला न घालता रस्ता ओलांडला आणि काकूंच्या शेजारी जाऊन बसले. थोड्या वेळानं माझी आई आली. ती बसली नाही. कंबरेवर हात ठेवून नुसती उभी राहिली. मग वरच्या घरची म्हातारी आली. मास्तर दारातून बाजूला झाले. निर्मला बाहेर आली, दोन मुलांना धरून. काकूंनी तिला काही विचारलं नाही. "चाल," एवढंच म्हणाल्या.

नंतर लोक काकूंच्या त्या ओट्यावर बसण्याचं फार कौतुक करायचे. सत्याग्रहच केला म्हणे. मी एकदा काकूंना ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सत्याग्रह कायचा बाप्पा! पाय लटलट कापून राह्यले होते, पडली असती. म्हणून बसली." मी म्हटलं, "म्हणजे भीती वाटत होती?" त्या माझ्याकडे आश्चर्यानं बघत म्हणाल्या, "मंग? भेव जाईन म्हणून वाट पाह्यत बसली असती तं आजवर बसूनच असती."

सगळं लगेच सुरळीत झालं नाही. काका कित्येक महिने काकूंशी बोलले नाहीत. कचेरीत त्यांना लोक टोमणे मारत. हळदीकुंकवाची दोन-तीन बोलावणी चुकली. बाबांनी मला चांगलंच झापलं. निर्मला नऊ दिवस काकूंकडे राहिली, मग भावाकडे पुलगावला गेली, आणि तीन महिन्यांनी मुलांच्या शाळेसाठी परत नवऱ्याकडे आली. मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "मग काय उपयोग झाला काकू?" त्या म्हणाल्या, "तिले घर माईत झालं नं, कोनतं उघडं हाये ते." त्यानंतर मास्तरांचा आवाज जरा चढला, की काकू आपल्या अंगणात येऊन मोठ्यानं हाक मारायच्या, "निर्मलाऽ, काय करून राह्यली वो?" आतून निर्मला ओ द्यायची. बस, तेवढंच. आवाज खाली यायचा. हळूहळू इतर बायकाही हाका मारायला लागल्या. निर्मलेनं पुढे बालवाडीत नोकरी धरली आणि मास्तर घरात हळू बोलायला शिकले.

पण काकूंना लोकांचं ते कौतुक सोसेना. फाल्गुनात एके दिवशी मला म्हणाल्या, "लोकं मले चांगलं म्हणून राह्यले. मले आयकवत नाई. विमलच्या मायले जाऊन सांगाचं हाये. येतं काय माह्या संग?" मी हो म्हटलं. का, ते मला नीट माहीत नव्हतं. काका तोवर बोलू लागले नव्हते, पण त्या सकाळी ते मुकाट्यानं आमच्याबरोबर स्टँडवर आले आणि बस सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

हिंगणघाटला बस बदलली. समुद्रपूर मागे पडलं तसं काकूंना एकेक शेत ओळखीचं वाटू लागलं. लांबून गिरडची टेकडी दिसली. काकूंनी वरच्या दर्ग्याकडे बघत हात जोडले. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून तिथं गेल्याचं सांगितलं. मग एकदम म्हणाल्या, "वापस जाऊ काय वो?" गाडी थांबली, तेव्हा त्याच आधी उतरल्या.

विमलची आई छपरीत बसून सुपात तूर पाखडत होती. वाळलेली, काटक बाई. काकूंनी आपण विमलच्या शेजारच्या असं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. "कोनीच आलं नाई वो तिकडून," ती म्हणाली आणि आम्हाला बसायला पोतं अंथरलं. काकू बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं. घरात मारहाण व्हायची. आम्ही सगळे ऐकायचो. आदल्या दुपारी ती माझ्याकडे आली होती, एका दिवसाचा आसरा मागत होती. मी तिला सासूला विचारून ये म्हटलं. पोलिसांना मी खोटं सांगितलं.

सूप थांबलं होतं. आत कुठेतरी कोंबडी कुरकुरत होती. त्या बाईनं विचारलं, "जेवली होती काय वो ते, त्या दिवशी?"

"मी इचारलं नाई," काकू म्हणाल्या.

विमलच्या आईनं मान हलवली. कशाला हलवली कोण जाणे. मग म्हणाली, "तू आली नसती तं मी मरेपर्यंत म्हटलं असतं, पोरीचा पाय घसरला." पुढे म्हणाली, "आता जाय, बाई. अन् पुन्हा येऊ नको." तिनं सूप पुन्हा उचललं. त्या दुपारी कुंपणाशी मीही होते, हे मला सांगायचं होतं. मी पायांकडे बघत राहिले आणि काकूंच्या मागोमाग बाहेर पडले.

परतीच्या बसमध्ये काकू खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. मी म्हटलं, "त्यांनी तुम्हाला माफ केलं नाही." "करूही नये," त्या म्हणाल्या. "मी माफी मागाले गेली नोती. तिची पोरगी घसरून मेली नाई, एवढं तिले माईत असाले पाह्यजे." मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून त्या गाढ झोपल्या. वर्धा येईपर्यंत मी हललेही नाही. तूही तिथं होतीस, असं त्या मला तेव्हा म्हणाल्या नाहीत, पुढे कधीही नाहीत.

माझं लग्न होऊन मी नाशिकला आले, शाळेत शिकवू लागले. पहिल्या काही वर्षांत वर्ध्याच्या चकरा व्हायच्या. मग बाबांची बदली झाली, आईबाबा अमरावतीला गेले आणि नालवाडीला जायचं कारण उरलं नाही. काकूंना भेटणं हे कारण मी कारणांत धरलंच नाही. काका वारल्याचं पत्रानं कळलं, तेव्हाही मी पत्रच पाठवलं.

एका श्रावणात काकूंचं कार्ड आलं. चौथी शिकलेल्या काकूंचं मोठंमोठं अक्षर. "तब्येत बरी नाही. मुलगा सुनबाई येऊन गेले. निर्मला असते. तुला पाहावं वाटते. शाळा घर पाहून ये, पण ये." मी ते कार्ड घड्याळामागे ठेवलं. सहामाहीचे पेपर होते. मग धाकट्याला गोवर आला. मग दिवाळीत जाऊ असं ठरवलं. तिकिटं काढायचं काढायचं म्हणत राहिले. दसऱ्याच्या आधी निर्मलेच्या मुलीनं पाठवलेलं पत्र आलं. काकू गेल्या होत्या.

मी त्याच रात्री गाडीत बसले. जिथं आता बघायला कोणी नव्हतं तिथं जायला मला एका दिवसात रजाही मिळाली आणि धाकट्याला सांभाळायला माणूसही.

काकूंचं दार उघडंच होतं. आत निर्मला भांडी आवरत होती. केस पिकले होते तिचे. मला बघून तिनं हात पुसले, पाणी दिलं, चहा ठेवला. शेवटचे दोन महिने तीच काकूंजवळ असायची. काय झालं, डॉक्टर काय म्हणाले, ते तिनं सांगितलं. मग थोडं अडखळत विचारलं, "शोभाताई, काकूनं तुमाले कार्ड टाकलं होतं. पोचलं नाई काय?"

तिनं माझ्यासाठी वाट करून ठेवली होती. टपाल तेव्हा कुठंही हरवायचं. नाही पोचलं म्हटलं असतं तर तिनं लगेच मानलं असतं, आणि तिचंही मन हलकं झालं असतं. ते उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं.

"पोचलं होतं," मी म्हणाले. "श्रावणातच पोचलं. मी आले नाही."

चहा उतू जायला आला तसा निर्मलेनं स्टोव्ह बारीक केला. कप माझ्यासमोर ठेवला आणि माझ्याजवळ जमिनीवर बसली. "रोज इचारत जाय," ती हळूच म्हणाली. "मी म्हणू, नाई येत वाटते थे. तं मलेच रागवे. म्हणे, उशिरा येईन, पण शोभी येईन."